सूर्याचा कुंभक

सहादू, सहादूंचे मल्हारी आणि मल्हारींचे, कुळ सांगायचे म्हणून एकदाच नवऱ्याचे नाव घेते, धोंडीराम. त्यांचा मुलगा गोरक्ष. आमचे घराणे मूळचे विंचूरचे, आता नाशकात पंचवटीत. या घराने कोणाचे ऋण अंगावर ठेवले नाही. एकच राहिले होते.

माझे सासरे मल्हारी तरुणपणी दम्याने खंगले होते. तांबट आळीतल्या सावळीराम तांबटांनी त्यांना प्राणायाम शिकवून उभे केले. मोबदला घेतला नाही. एवढेच म्हणाले, "माझ्या घरातल्या एकाला तरी हे परत शिकव." पण सावळीरामांना मूलबाळ झाले नाही, आणि बायकांना असले काही शिकवण्याची तेव्हा रीत नव्हती. जाताना सासऱ्यांनी ते देणे नातवावर सोपवले. गोरक्ष शाळामास्तर, सकाळी योगासनांचा वर्गही घेई. पण सावळीरामांच्या घरात शिकवायचे कोणाला, हे त्यालाही सुचले नव्हते.

१९८१च्या डिसेंबरात सुलाबाई आमच्या दारात येऊन रडू लागली. सावळीरामांच्या पत्नी नवसाबाई तिच्या मावशी. त्यांनी अंथरूण धरले होते आणि झोपायला त्या तयार नव्हत्या. दक्षिणायनात प्राण गेला तर जीव वाट चुकतो. म्हणून संक्रांतीपर्यंत डोळा मिटायचा नाही, असा त्यांचा हट्ट. झोप नसेल तर औषधाचा उपयोग नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गोरक्षला घेऊन मी गेले.

"या, सूनबाई. मला झोपवायला आलात ना?" नवसाबाई म्हणाल्या. "भीष्मांनी बाणांवर पडून वाट बघितली. माझ्याखाली तर गादी आहे."

"भीष्मांची बरोबरी करायची तर अंगावर थोडे मांस असू द्या, आत्याबाई."

गोरक्ष उशाशी बसला. "आजी, संक्रांत लांब आहे. पण सूर्य आजच वळतोय."

"गोरक्षा, पंचांगाच्या वर जाऊ नकोस," मी बजावले.

"पंचांगातच आहे, आई. बावीस डिसेंबर, उत्तरायणारंभ. आपण तिळगुळाच्या सणालाच उत्तरायण धरून बसलो."

मी हार मानली. हार मानण्याची मला सवय नाही.

नवसाबाई मात्र हटल्या नाहीत. "कुठे वळला? रोज बघते मी खिडकीतून. चार दिवस त्या एकाच चिंचेआडून उगवतोय. हलायला तयार नाही मेला."

"थांबलाय, आजी. दक्षिणेकडे जाणे संपले, उत्तरेकडे निघणे व्हायचे आहे. पूर्ण श्वास सोडल्यावर आपण क्षणभर थांबतो ना, तसा. योगात त्याला कुंभक म्हणतात. तिथे रिते झाल्याशिवाय वळण नाही."

म्हातारीने खिडकीवरची नजर काढली. "त्या थांबण्याचेच भय वाटते रे. डोळा लागतो, श्वास बाहेर जातो, आणि मी दचकून उठते. वाटते, आता नाही यायचा परत."

गोरक्ष सावरून बसला. "आमच्या आजोबांना हेच भय होते. त्यांना सावळीराम आजोबांनी सांगितले होते, श्वासाला ओढून आणू नको, मल्हारी. जागा मोकळी ठेव, तो आपला येतो."

"असेच बोलायचे," नवसाबाई हळूच म्हणाल्या. "भट्टीपाशी बसून सगळ्यांना सांगायचे. मला नाही सांगितले कधी."

"मी सांगतो. त्यांचे ते देणे आहे आमच्याकडे."

मी सुलाबाईकडून उशा लावून घेतल्या आणि त्यांना टेकवून बसवले. गोरक्षने त्यांचा हात त्यांच्याच पोटावर ठेवला.

"रोखायचा नाही हं. आपोआप थांबला तर थांबू द्यायचा. आकाशात उत्तरायण वर्षातून एकदा होते, आजी. इथे दर श्वासाला होते."

पहिल्या काही श्वासांना त्यांनी दचकून माझे मनगट आवळले. खुणा उमटल्या. मी हात काढला नाही. मग श्वास लांबला, थांबला, परत आला. पुन्हा थांबला. माझ्या मनगटावरची बोटे एकेक करून सैल पडली, आणि नवसाबाई भर उजेडात झोपल्या.

दुपार कलल्यावर त्या जाग्या झाल्या. चेहरा निवळलेला होता. सुलाबाईला त्यांनी जवळ बोलावले.

"बस अशी. पोटावर हात ठेव. तूही घाबरतेस रात्रीची, मला ठाऊक आहे."

आणि नवऱ्याचे शब्द त्या भाचीला एकेक करून सांगू लागल्या. गोरक्ष उठला आणि त्याने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, मल्हारीचे आता माझ्या घराला काही देणे नाही. सगळे फिटले."