ताणकाट्याची साक्ष

माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे आणि मनात नुसता जळफळाट. मित्रांनो, मी फिनलंडमधल्या तळ्याकाठच्या शाळेतला एक जुना ताणकाटा. स्वतः ताण सोसून बल किती ते सांगायचं, हेच माझं काम. आमची शिक्षिका राउनी वर्गाला सांगायची, "आपला म्हातारा खोटं बोलत नाही." तेव्हा मी हुकासकट ताठ व्हायचो.

मग ती पांढरी डबी आली. बॅटरीवर चालणारी, आकडे झळकवणारी. बूट दाराशी काढून मुलं नुसत्या मोज्यांवर धावत यायची, ती तिच्याकडे! माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. राउनी म्हणाली, "हिचे आकडे बरोबर ठरले, की म्हाताऱ्याला खणात ठेवू." तिचा एक तरी आकडा चुकावा, म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो.

मार्चमध्ये वर्ग गोठलेल्या तळ्यावर गेला. पायाने रेटायच्या घसरगाडीवर इल्मारी बसला. कपड्यांसकट त्याचं वस्तुमान चाळीस किलो. हेल्काने गाडी दोरीने ओढली. दोरीत अर्थातच डबी अडकवलेली. गुळगुळीत बर्फावर घर्षण नगण्यच. घड्याळावरून त्वरण निघालं एक मीटर प्रति सेकंद वर्ग. वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे बल, म्हणून मुलांनी चाळीस न्यूटन लिहिलं. डबी मात्र पन्नास दाखवत होती.

"डबी बिघडली!" इल्मारी ओरडला.

"नाहीतर तू सकाळी दहा किलो लापशी हाणली असशील," हेल्का म्हणाली.

"एकच वाडगं खाल्लं गं!"

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. राउनीने मला दोरीत अडकवलं. हेल्काने पुन्हा तशीच गाडी ओढली. चाळीसला थांब, असं मी स्वतःला बजावत होतो, पण स्प्रिंग माझं ऐकते थोडीच? माझाही काटा पन्नासवर गेला.

"दोघंही बिघडले?" इल्मारीने विचारलं.

"उतर," राउनी म्हणाली, "आणि गाडी उचल बघू."

"तिला कसलं वजन? माझी आजी रोज तिच्यावरून दुकानात जाते." त्याने गाडी उचलली आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. "अगं आई गं! राउनी, ही तर जड आहे!"

बर्फावर जन्मभर गाडी रेटणाऱ्या पोरांनी तिचे दहा किलो धरलेच नव्हते.

"म्हातारा सांगतोय, म्हणजे डबी खरी," राउनी म्हणाली. शाळेत परतल्यावर तिने मला खणात ठेवलं. माझ्याच साक्षीने मी हरलो.

मित्रांनो, डबीचं कौतुक कानावर आलं की अजून माझ्या पोटात दुखतं. तरी एक विनंती आहे. गंमत म्हणून मला लटकू नका, हिसके देऊ नका. मर्यादेपलीकडे ताणलेली स्प्रिंग पुन्हा जागेवर येत नाही, आणि मग काटा खोटे आकडे दाखवतो. आज मला खोटं बोलता येत नाही, म्हणून ती डबी सुखात आहे. उद्या बोलता आलं, तर मी तिला सोडणार नाही!