वहाबभाईंचा सत्कार

वहाबभाईंनी रुखमाबाईंचा हात धरला आणि शाळेच्या पायरीपाशी त्यांना थांबवलं.

"बाई, इथी पायरी हाये. हळू पाय टाका. हां, आता दुसरा."

"तू डाक्टर हायेस का, बापू?" डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या म्हातारीनं विचारलं.

"नाई बाई. मी क्लबाचा मेंबर आहो."

मेंबर म्हणताना ते जरा ताठ झाले. व्हरांड्यात औषधाच्या बाटल्या मांडणाऱ्या कुलदीपनं ते ऐकलं आणि त्याला फार बरं वाटलं.

बरं वाटणारच. वहाबभाईंचं मेंबरपण जाता जाता वाचलं होतं. गोंडपिपरीच्या बसस्टँडसमोर त्यांचं एसटीडी बूथ. एकेकाळी तिथं फोनसाठी भांडणं व्हायची. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला आणि वहाबभाई बूथमध्ये माश्या मारत बसले. क्लबाची वर्गणी थकली, तेव्हा कोणी काही बोलायच्या आत ते स्वतःच नाव काढून घ्या म्हणून सांगायला आले.

कॉलेजात शिकवणारा कुलदीप तेव्हा क्लबाचा सचिव होता. बौद्ध मोहल्ल्यातून या क्लबात आलेला तो पहिला. पहिल्या मीटिंगला दारातच घुटमळला, तेव्हा "ये ना भाऊ, काऊन थांबला?" म्हणत वहाबभाईंनीच त्याला आत घेतलं होतं. आणि असा माणूस बाहेर जाऊ द्यायचा? छे! त्यानं मीटिंगमध्ये ठराव मांडला: ज्याला वर्गणी जमत नाही त्यानं क्लबाच्या नेत्रशिबिरात राबावं, वर्गणी फिटली समजावं. सगळ्यांनी बाकं वाजवली. वहाबभाईंचे डोळे भरून आले.

शाळेत शिबिर सुरू झालं आणि वहाबभाई जीव तोडून राबले. पेशंटांना संडासला नेणं, डोळ्यात थेंब टाकणं, घमेली धुणं, सगळं. पहिल्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "वहाबभाई, जरा पाणी पाहता का?" दुसऱ्या दिवशी, "वहाब, पाणी संपलं!" कुलदीपला ते खुपलं. पण हातात काम होतं, तो पुढच्या पेशंटाकडे वळला.

समारोपाला वहाबभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मेंबरांच्या रांगेत बसले. या क्लबात एक रीत होती. शाल-श्रीफळ द्यायचं ते बाहेरच्यांना. स्वयंपाकीण, ड्रायव्हर, कंपाउंडर अशांना. मेंबरानं मेंबराला शाल घालायची पद्धत नव्हती. घरच्या माणसाचा कोणी सत्कार करतं का?

हे कुलदीपला माहीत नव्हतं असं नाही. पण वहाबभाईंचं कौतुक त्याच्या पोटात मावत नव्हतं. माइकवर त्यानं स्वयंपाकीण वच्छलाबाईंना बोलावलं, मग गाडीवाल्या बिरजूला, आणि मोठ्या उमाळ्यानं म्हणाला, "आणि ज्यांच्याशिवाय हे शिबिर झालंच नसतं, ते आपले वहाबभाई!"

टाळ्या पडल्या. वहाबभाई लगेच उठले नाहीत. त्यांनी डावीकडच्या मेंबराकडे पाहिलं, मग उजवीकडच्या. दोघंही टाळ्या वाजवत होते, हसत होते. तेवढ्यात आपण काय करून बसलो ते कुलदीपच्या ध्यानात आलं. पण नाव माइकवरून गेलं होतं.

वहाबभाई वर आले. अध्यक्षांपुढे मान वाकवून शाल घेतली, नारळ घेतला, दोन्ही हात जोडले. मग खाली उतरले ते मेंबरांच्या रांगेकडे वळलेच नाहीत. मंडपाच्या कडेला बिरजूशेजारी जाऊन उभे राहिले. त्यांच्या रिकाम्या जागेवर कोणीतरी हारांची पिशवी ठेवली.

लोक गेल्यावर कुलदीपनं त्यांना गाठलं. ते सतरंजी झटकत होते.

"वहाबभाई, चुकलं माह्यं."

"काऊन? चांगलंच बोलला तू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कुलदीपला सोसलं असतं.

"तसं नाई भाई. मी... हे पाहा, इतवारी मीटिंग हाये. सातले. तुमी याच."

वहाबभाईंनी सतरंजीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी मिळून घडी घातली.

"येतो ना. मी सहालेच येतो," वहाबभाई म्हणाले. "झाडून घ्या लागन. आन चहा आधीच ठेवू, का मेंबरलोकं आल्यावर?"