छातीचा पट्टा आणि अक्काची किडनी

हरिओमला दहा किलो कमी करायचे होते. शौक म्हणून नव्हे हो! त्याच्या थोरल्या बहिणीच्या, वर्षाराणीच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. आईला शुगर, वडील केव्हाच गेलेले, त्यामुळं घरात जुळणारी किडनी एकट्या हरिओमची. लातूरच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी मी काढणार नाही. तीन महिन्यांत दहा किलो उतरवून या."

हरिओमनं नांदेडात जिम लावली. गड्याचं मन सोन्यासारखं, त्यात खोट काढायची नाही. खोट होती ती अकलेत. त्यानं आधी छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा मागवला, सोबत मनगटाला घड्याळ. पट्ट्यानं ठोके मोजायचे, घड्याळानं किती कॅलरी जळाल्या ते सांगायचं. पट्टा हातात पडेपर्यंत पठ्ठ्यानं डंबेलला हात लावला नाही. न मोजता घाम गाळायचा म्हणजे फुकटच गेला की तो!

वजन उचलताना हा श्वास कोंडायचा, तोंड लालभडक, ठोके दीडशेच्या पुढं. मग बाकड्यावर बसून शेजारच्याशी रस्त्यातल्या खड्ड्यांवर तावातावानं भांडायचा. ठोके खाली यायला तयार नसायचे. घड्याळ बिचारं इमानदार, तेही जमेला धरायचं. तासाभरानं निकाल लागायचा, सातशे कॅलरी! त्यातल्या खड्ड्यांच्या किती, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

घरी येऊन हरिओम उंबऱ्यातूनच आकडा ओरडायचा.

"अगं माय!" आई, गुणाबाई, छातीवर हात ठेवायची. "एवढं जळालं? मग भरून काढाय नको का? किडनी देणारं लेकरू हाय माझं, अंगात ताकद नको?"

सगळ्या भावकीचं हेच म्हणणं. बिलोलीहून गुरम्मा मावशीनं तुपाचा डबा पाठवला, धर्माबादचे मामा मटण घेऊन आले. बहिणीसाठी पोटातला अवयव काढून देणारा भाऊ, त्याला उपाशी ठेवलं तर लोक काय म्हणतील? जत्रेच्या बोकडासारखी त्याची बडदास्त सुरू झाली. हरिओम घड्याळात बघायचा आणि म्हणायचा, "वाढ आई, दोनशे अजून शिल्लक हायत."

वजनकाट्यावर मात्र तो चुकूनही चढला नाही. मसल जड असतात म्हणे, काटा फसवतो.

वर्षाराणी समोर बसलेली असायची. तिला दिवसाचं पाणीसुद्धा मोजून. केळं बंद, टमाटा बंद, मीठ नावाला. एकदा तिनं भीत भीत विचारलं, "हऱ्या, तुझं पोट कमी दिसून न्हाई राहिलं रे."

"अक्का, दिसण्यावर जाऊ नको. यंत्र कशाला खोटं बोलंल? तू फकस्त बिनघोर रहा."

ती बिनघोर राहिली. दुसरं करणार तरी काय होती?

तीन महिने भरले. आई, बहीण असा सगळा लवाजमा घेऊन हरिओम लातूरला गेला आणि ऐटीत काट्यावर चढला. वजन तीन किलो वाढलं होतं.

"काटा बिघडलाय, साहेब," तो म्हणाला आणि पट्ट्याचे आकडे दाखवू लागला. डॉक्टरांनी ते शांतपणे बघितले.

"आत्ता ठोके किती आहेत?"

"एकशे तीस."

"आणि तुम्ही खुर्चीत बसलाय," डॉक्टर म्हणाले. "भीतीनंही ठोके वाढतात, जोर लावून श्वास कोंडल्यानंही वाढतात. पट्ट्याला वाटतं तुम्ही पळताय. पळणाऱ्याला तो ठीक आहे, वजन उचलणाऱ्याला नाही. त्यानं अंदाज सांगितला आणि तुम्ही तो जेवलात." मग त्यांनी ऑपरेशनचा कागद बाजूला सारला. "अजून तीन महिन्यांनी या."

बाहेर येऊन तिघंही बाकड्यावर बसली. हरिओमला बहिणीच्या तोंडाकडं बघवेना. लाज वाटत होती, अशी लाज की जमीन फाटावी आणि आत जावं. गुणाबाईनं सवयीनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. आत तुपातले लाडू होते.

"अक्का," हरिओम कसाबसा म्हणाला, "मला अजून तीन महिने दे. आईची आण, ह्या खेपेला खरंच उतरवतो."

वर्षाराणीनं आपले सुजलेले पाय बाकड्याखाली ओढून घेतले. आवाज चढवला नाही. राग करायलाही अंगात जीव लागतो.

"तुला देते की रे हऱ्या," ती म्हणाली. "मला कोण देऊन राहिलंय?"

हरिओमला हुंदका फुटला. डबा उघडाच राहिला, पण त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी त्याला खा म्हणालं नाही.