दोन्ही हात गुंतलेले

ही आजारी पडली तेव्हा माझंही रक्त तपासलं होतं. हिच्याशी जुळलं नाही. "संसारात तरी कुठे जुळत होतं!" ही म्हणाली होती. मूळ पेशी देणाऱ्या दात्यांच्या यादीत माझं नाव मात्र राहिलं. ही गेली, आणि वर्षभरानं फोन आला की एका अनोळखी पेशंटशी माझं जुळतंय.

मूळ पेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून रोज इंजेक्शनं सुरू झाली. कंबर, मांड्या ठणकायला लागल्या. मुलगी चिडली. "आईसाठी कोणी आलं नाही. तुम्ही कुणासाठी हाल करून घेताय?"

तरी आज ती सोबत आली. मी खुर्चीत, दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त मशीनमध्ये जायचं, तिथे पेशी वेगळ्या निघायच्या आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत यायचं. कोपर वाकवायचं नाही. नेमकं नाक खाजलं.

"जरा वर. तिथे नाही गं."

"बाबा, लाड वाढलेत हं तुमचे."

ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा, असं सिस्टरनं बजावलं होतं. मुंग्या आल्या. सांगितलं तर मशीन बंद करतील, म्हणून लपवलं. पेशंटच्या हाडांतला मगज औषधांनी आधीच संपवला होता. मशीन थांबलं, पेशी मिळाल्या नाहीत, तर तो जगणार नव्हता. ओठ दाबून बसलो. पाय हलवत राहिलो. मग बोटं आखडली.

"तोंड असं का केलंय?"

"कुठे काय."

"आईपण असंच म्हणायची." ती उठलीच. "सिस्टर!"

सिस्टरनं मशीनचा वेग कमी केला आणि कॅल्शियम दिलं. "अहो शूरवीर, मशीन फक्त हळू करायचं असतं. तुम्ही चक्कर येऊन पडला असतात, तर मात्र बंदच करावं लागलं असतं."

मुलगी मग माझ्या तोंडावरची नजर काढेना. "आता? आता येतायत मुंग्या?" दर थोड्या वेळानं तेच.

दुपारनंतर डॉक्टर आले. पेशी थोड्या कमी पडल्या होत्या. "उद्या पुन्हा बसाल?"

मी हो म्हणायच्या आत मुलीनंच विचारलं, "उद्यापर्यंत तो पेशंट थांबू शकेल ना?"

"थांबेल. आजची पिशवी तर त्याच्याकडे निघालीसुद्धा."

ती दारापर्यंत गेली, परत फिरली. "सकाळी लवकरात लवकर कधी आणू यांना?"