आईला लागणारा दम

शाळांमधून मला 'बोलायची बाई' म्हणतात. माझा खरा हुद्दा वाचा-उपचारतज्ज्ञ, पण तो नीट उच्चारेपर्यंत पोरांची मधली सुट्टी संपते. कोरोनाआधी माझ्याकडे तोतरी, बोबडी पोरं यायची. आता येतात ती वेगळीच. कुणी घरात कुणालाच न येणाऱ्या कार्टूनच्या हिंदीत बोलतं. कुणाला बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचं असतं हेच ठाऊक नाही, कारण ते शिकायच्या वयात सगळ्यांची तोंडं मास्कमागे होती. मी चिडते, पण त्यांना बोलतं करते.

विसरवाडीच्या पुढे डोंगराकडच्या एका शाळेतून हेमकांत सरांचा फोन आला. "मॅडम, पहिलीमा एक पोर शे, रूथ. दिवाळी लगून चांगली बोले. आते नुसता दम टाकी ऱ्हायनी. माले भ्याव वाटस." दिवाळीपर्यंत नीट बोलणारी पोर आता नुसते श्वास टाकते म्हणे. एवढा सहा फुटी गडी सहा वर्षांच्या पोरीला घाबरतो म्हणून मला हसूच आलं.

रूथला मी शेजारी घेऊन आरशासमोर बसवलं आणि नाव विचारलं. तिने तोंड उघडलं. एक तोकडा श्वास आत गेला, अडकला, सुटला. पुन्हा एक. ओठ हलले, शब्द आलाच नाही. माझं हसू कुठच्या कुठे गेलं. लहान मुलं असा श्वास घेत नाहीत. खाटेवर पडलेली, संपत आलेली माणसं घेतात.

नवापूरच्या डॉक्टरांनी छाती स्वच्छ असल्याचं सांगितलं होतं. मी कागदाची पट्टी धरून फुंकर मारायला लावली, तर पट्टी कितीतरी वेळ आडवी राहिली. सुट्टीत ती पोरांबरोबर पळाली तेव्हाही काही नाही. प्रश्न विचारला की मात्र तो श्वास परत यायचा. शेवटी मी तिच्या घरी गेले.

तिचा बाप योहान पोल्ट्रीवरून नुकताच आला होता. बायको प्रिस्किला दुसऱ्या लाटेत कोविड सेंटरमध्ये गेली ती परत आलीच नाही. तिथून ती फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. तेव्हा रूथ दोन वर्षांची होती.

"अंगणवाडीच्या बाई बोलल्या, पोरीला आईचा आवाज ऐकवत राहा, नाहीतर बोलायला उशीर होईल. मी ऐकवत राहिलो," योहान म्हणाला. कधी थांबायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "रूथ काही बोलली की मी फोन लावतो. मग आई उत्तर देते."

हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की मला गलबलून आलं. दिवाळीत फोन बिघडला आणि आधीचे सगळे आवाज गेले. उरला होता फक्त शेवटचा.

"ऐकवा," मी म्हणाले.

रूथ न बोलावता येऊन बसली. योहानने बटण दाबलं. फोनमध्ये शब्दच नव्हते. श्वास आत गेला, अडकला, सुटला. पुन्हा एक. आणि माझ्या शेजारी, त्याच तालावर, रूथचा. कुठला कुणाचा तेच मला कळेना.

भीती वाटली की मला राग येतो. "योहानभाऊ, पुसून टाका हे! पोर कायमची मुकी होईल."

"हिच्या आईला परत पुरायचं?" त्याने शांतपणे विचारलं.

मी आवाज खाली आणला. म्हणाले, "बरं, नका पुसू. पण आज फोन न लावता तुम्ही बोला तिच्याशी."

"मला कुठं येतं? बोलणारी ती होती."

तरी त्याने पोरीला मांडीवर घेतलं. "रूथ, काय पाहिजे तुला?" तिने ओठ उघडले मात्र, सवयीने त्याचा अंगठा फोनकडे गेला. रूथने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि एका दमात, स्वच्छ बोलली.

"पप्पा, मी बोलले की तू आईला बोलायला लावतोस. नको लावू. तिला दम लागतो."

म्हणजे पोर इतके दिवस आईसाठी गप्प होती. शब्द तोंडाशी आला की आईचा तो दम आठवून तिचाही श्वास तसाच अडकायचा. योहान तिच्या केसांत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडला. मीही रडले. मग त्याने फोन बंद केला, अगदी पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून. आणि रूथ सुटलीच. शाळा, कोंबड्या, हेमकांत सरांची मोटारसायकल, काय काय सांगत होती.

मध्येच ती थांबली. कोपऱ्यातल्या प्रिस्किलाच्या रिकाम्या खाटेकडून श्वास ऐकू येत होता. योहानने माझ्याकडे बघितलं. त्यालाही येत होता. मी उठून पळणारच होते. पण आता तो अडकत नव्हता. लांब, संथ चालला होता, खूप दिवसांनी झोप लागलेल्या माणसाचा असावा तसा.

रूथने ओठांवर बोट ठेवलं आणि राहिलेली गोष्ट आम्हाला अगदी हळू आवाजात सांगितली.