थोरलीचं नाव

काउंटीच्या बालकल्याण खात्याची बाई शेजारच्या लामीच्या घरी येऊन गेली हे मला लामीनंच सांगितलं. सांगितलं म्हणजे माझ्या दारात उभं राहून ओरडून सांगितलं. पाठीला बाळ बांधलेलं, पायांत घरातल्या सपाता. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या त्या शिस्तीच्या गल्लीत, जिथे कुत्रं भुंकलं तरी असोसिएशनची चिठ्ठी येते, तिचा आवाज पार टपालपेट्यांपर्यंत जात होता.

"तुमच्या मुलीनं केलं हे! तुमच्या टीचर मुलीनं!"

एरवी ती मला आंटी म्हणायची. त्या दिवशी आंटी गळून पडलं होतं. आमचं बोलणं इंग्रजीतून, तिची नायजेरियाची इंग्रजी आणि माझी नागपूरची. भांडायला दोन्ही पुरतात.

माझी रेणू इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत बालवर्ग शिकवते. लामीची थोरली, असाबे, तिच्या वर्गात. सहा वर्षांची, बारीक, डोकं कायम सुंदर वेण्यांनी विणलेलं. काउंटीच्या बाईनं आधी शाळेत जाऊन त्या पोरीला प्रश्न विचारले होते आणि मग थेट घरी आली होती. 'मुलीकडे दुर्लक्ष' अशी तक्रार होती. लामीला तिनं सांगितलं, मुलीला हाक मारून जवळ बोलाव, मला बघू दे. लामीनं हाक मारली नाही. गुरुवारी बाई पुन्हा येणार होती. तोवर काही बदल दिसला नाही, तर असाबेला तात्पुरतं दुसऱ्या घरी ठेवण्याचा विचार करावा लागेल, असं सांगून गेली होती.

"अगं, मग मारायची हाक!" मी म्हणाले.

लामीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला चौकात लुगडं फेडायला सांगितलं होतं.

मला ठाऊक होतं ते. तिच्या हौसा लोकांत पहिल्या मुलाचं नाव आईबाप घेत नाहीत. नाव नाही, लाड नाहीत, चारचौघांत उचलणं नाही, डोळ्यांत बघणंसुद्धा नाही. पहिलं मूल म्हणजे आईची लाज. लामी थोरलीशी बोलायची ती धाकट्याच्या मार्फत. पाठीवरच्या बाळाला, ज्याला अजून दातही नव्हते, ती सांगायची, "त्या मुलीला सांग, जेवण झालंय." आणि त्या मुलीच्या ताटात मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा असायचा. वेण्या घालायला तास तास बसायची, तेही तोंड खिडकीकडे करून. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, काय दुष्ट बाई आहे! मग ताटातला तुकडा बघितला आणि शब्द मागे घेतला.

या रिवाजाला एक दुसरी बाजू आहे, ती मला तिच्या नवऱ्यानं, गांबोनं, सांगितली. दूध तुटलं की पहिलं मूल आजीकडे जातं. आजी उचलते, आजी नाव घेते, आजी डोक्यावर बसवते. आईनं जे गिळायचं, ते आजीनं उधळायचं. पण आजी राहिली तिकडे, कात्सिनाजवळच्या खेड्यात. तिचा व्हिसा नाकारला, पुन्हा अर्ज केला, पुन्हा नाकारला. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमानं घालणारे कोण, आणि भोगतंय कोण! तेव्हा लाज तेवढी इथे आली आणि आजी आलीच नाही.

मी रेणूला फोन लावला.

"लामीची तक्रार तू केलीस?"

"मॉम, आय कान्ट टॉक अबाउट इट."

"म्हणजे केलीस."

"ती मुलगी प्लेग्राउंडवर पडली, गुडघा फुटला, ब्लड येत होतं, आणि तिची आई कुंपणाकडे बघत उभी होती. कुंपणाकडे, मॉम! दुसऱ्या कुणाच्या तरी आईनं उचललं तिला. आणि मला म्हणाली, 'माय मॉम डझन्ट से माय नेम. ओन्ली द अदर लेडी डझ, व्हेन शी कम्स इन्साइड माय मॉम.' मी काय करायचं होतं? बाय लॉ मला रिपोर्ट करावंच लागतं."

"आईला एक फोन करायचास. भिंतीला भिंत लागून घर आहे आमचं."

"तुझी फ्रेंड आहे ती. तू काय सांगणार ते मला माहितीच होतं."

"माझ्या आईनं मरेपर्यंत तुझ्या आजोबांचं नाव घेतलं नाही. रेशन ऑफिसात नाव सांगायला शेजारणीला पुढे करायची. मी अजून तुझ्या बाबांना 'अहो' म्हणते. कर माझीही तक्रार!"

"बाबा सहा वर्षांचा नाहीये, मॉम."

मी फोन आपटला. आमचे हे पेपरामागून म्हणाले, "तिचंही बरोबर आहे." त्यांना त्या दिवशी मी जेवायला वाढलं नाही.

आता त्या 'अदर लेडी'बद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच होता.

हौसा लोक बहुतेक मुसलमान. लामी आणि गांबो मात्र मुसलमान नव्हेत. त्यांचं घराणं मागुझावा, म्हणजे इस्लाम यायच्या आधीपासूनचे देव धरून राहिलेलं. देव म्हणा, वारं म्हणा. त्यांचा शब्दही वाऱ्याचाच आहे. झाडांत, टेकड्यांत ही वारी राहतात आणि ज्यांच्यावर त्यांची मर्जी त्यांच्यावर स्वार होतात. लामीवर येते ती डोगुवा, उंच बाई, चिंचेत राहणारी. चिंचेत म्हटल्यावर मला हसूच आलं. आमच्याकडेही चिंचेखाली पोरांना जाऊ देत नाहीत. आणि अंगात येण्याचं म्हणाल, तर आमची शरयू आत्या अष्टमीला घागर फुंकायला लागली की मोठमोठे वकील तिच्या पायांशी बसत. त्यामुळे मला त्यात भ्यायचं काही वाटलं नाही.

एका शनिवारी दुपारी लामीनं मला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावलं होतं. गाडी बाहेर काढलेली, जमिनीवर चटया. जवळच्या डरम शहराहून आलेला एक म्हातारा एका तारेचं वाद्य गजानं वाजवत होता आणि गांबो उपड्या भोपळ्यावर काठ्यांनी ताल धरत होता. लामी काळं कापड गुंडाळून बसली होती. बराच वेळ काही नाही. मग तिचे खांदे थरथरले, ती पडली, उठली, आणि उठली ती वेगळीच. मान ताठ, आवाज जाड. आमची मवाळ लामी त्यात कुठे दिसेना.

तेवढ्यात असाबे धावत आली. एरवी आईपासून चार हात लांब राहणारी ती पोर तिच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि खाली बघत म्हणाली, "वा या झो?" म्हणजे, कोण आलंय? वाऱ्याला असं विचारायची रीत असते. जाड आवाजानं नाव सांगितलं, डोगुवा. मग त्या आवाजानं पोरीला हाक मारली. "असाबे." तिच्या डोक्यावर हात ठेवला, मांडीवर ओढली, पुन्हा "असाबे, असाबे," आणि काय काय बोलली. पोरीचा चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. मी बाहेर येऊन उभी राहिले.

तोंड आईचं होतं, पण नाव आई घेत नव्हती. लाज शाबूत आणि पोरीला नाव मिळालं. माझ्या मते ही सोय फार शहाणी होती. पण ती काउंटीच्या बाईला कशी सांगायची? 'माझी आई कधी कधी दुसरीच बाई होते' हे शाळेत आधीच सांगून झालं होतं.

बुधवारी मी लामीकडे गेले. तिनं मला बस म्हटलं नाही.

"एकदा घे नाव," मी म्हणाले. "एकदाच. ती बाई लिहून घेईल आणि जाईल."

"माझ्या आईनं माझं नाव घेतलं नाही. तिच्या आईनं तिचं नाही. मी घेऊ? एका परक्या बाईसमोर?"

"नाहीतर त्या परक्या बाईच्या गाडीत बसून पोर जाईल! मग घाल वेण्या खिडकीला!"

फार कडू बोलले मी. पण गोड बोलायला वेळ कुठे होता? लामीनं बाळाला पाठीवरून पुढे घेतलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "या आंटीला सांग, उद्या येऊन बस. तिच्या मुलीनं आणलंय, तिनं बघावं."

गुरुवारी मी जाऊन बसले. मिसेस हॉलंड म्हणजे काउंटीची बाई, पन्नाशीची, गळ्यात चष्म्याची साखळी. वाईट नव्हती. तेच तर वाईट होतं. वाईट असती तर भांडता आलं असतं. मी तिला रिवाजाचं सगळं सांगितलं, आजीचं, व्हिसाचं, माझ्या आईचं रेशन ऑफिस. तिनं मान हलवत ऐकलं आणि म्हणाली, "आय रिस्पेक्ट एव्हरी कल्चर. पण मुलाला आपलं नाव आईच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे." ही असली रिस्पेक्ट मला गेली तीस वर्षं इथे मिळते आहे. लाटण्यानं मारावंसं वाटतं.

गांबो भिंतीला टेकून उभा होता, बाळाला घेऊन. असाबे स्वयंपाकघरात होती. मिसेस हॉलंड म्हणाली, "लामी, तुम्ही तयार असाल तेव्हा."

लामी खुर्चीत ताठ बसली. ओठ उघडले, मिटले. गांबोनं मान फिरवली, बायकोची अब्रू जाताना बघू नये म्हणून. मला वाटलं, आता ही उठून आत जाणार आणि सगळं संपणार. मग ती म्हणाली, अगदी बारीक, कोरड्या आवाजात.

"असाबे."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. पोर दारात आली. बघितलं तिनं. गॅरेज नव्हतं, म्हातारा नव्हता, काळं कापड नव्हतं. पण तोंडातून नाव आलं होतं. ती भराभर पुढे आली, आईसमोर गुडघे टेकले, मान खाली घातली आणि आनंदानं विचारलं, "वा या झो?"

"काय म्हणाली ती?" मिसेस हॉलंडनं मला विचारलं, पेन सरसावून.

"म्हणाली, 'काय गं आई?'" मी सांगितलं.

"ओह, दॅट्स लव्हली," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. असाबेला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. तिनं वळून माझ्याकडे बघितलं, खोटारड्या माणसाकडे बघतात तसं. मग पुन्हा आईकडे वळली आणि पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. कोण आलंय?

लामीला उत्तर द्यायचं होतं. डोगुवा म्हणून ती सांगू शकत नव्हती. देवाच्या नावानं सोंग कसं करणार? आणि 'तुझी आई' हे शब्द तिच्या तोंडाला कधी शिवलेच नव्हते.

"बा कोवा," ती म्हणाली.

हे दोन शब्द मला येत होते. गांबो आहे का म्हणून मी भिंतीपलीकडून विचारलं आणि तो घरात नसला, की ती हेच ओरडून सांगायची. कोणी नाही.

असाबे थोडा वेळ तशीच बसून राहिली, डोक्यावर हात येईल म्हणून. हात आला नाही. मग ती उठली, फ्रॉक झटकला आणि आत निघून गेली. मिसेस हॉलंडनं लामीचा हात हातात घेतला, "आय नो दॅट वॉज हार्ड," म्हणाली, आणि केस बंद करायची शिफारस करते असं सांगून गेली. तिनं केलीही.

लामी माझ्याशी त्यानंतर बोलली नाही. पुढच्या महिन्यात शनिवारी त्यांच्या गॅरेजमधून त्या तारेचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं. बऱ्याच वेळानं आतून जाड आवाजात हाक आली, "असाबे!" पुन्हा आली. पोर बाहेर फुटपाथच्या कडेला बसली होती, हातात काडी घेऊन माती उकरत. ती उठली नाही. आतला आवाज हाका मारत राहिला आणि ती, तिची आई कुंपणाकडे बघायची तशी, रस्त्याकडे बघत बसली.

संध्याकाळी रेणूचा फोन आला. खुशीत होती. केस बंद झाल्याचं तिला शाळेतून कळलं होतं.

"सी, मॉम? उगाच एवढी भांडलीस माझ्याशी. तिनं फक्त नाव घ्यायचं होतं. दॅट्स ऑल."