पोटाला कान लावणारी नळी

मित्रांनो, मला भोवरा समजून फिरवायला जाऊ नका. पोरं नेहमी तेच करतात. मोठी माणसं तरी कुठं शहाणी! एकानं मला मेणबत्तीचं घर ठरवलं होतं, आणि एका बाईनं तर नरसाळं समजून माझ्यात तेल ओतायची तयारी केली होती. तर आधीच सांगते. मी एक जुनी लाकडी नळी आहे, वीतभर लांबीची, आरपार पोकळ. माझं पसरट तोंड आईच्या पोटावर टेकतात. दुसऱ्या टोकाच्या चकतीला नर्स आपला कान लावते. पोटातल्या बाळाचं काळीज धडधडतं, तो आवाज माझ्यातून तिच्या कानापर्यंत जातो. काम एवढंच, पण ते मी जीव ओतून केलं.

माझा जन्म एका कातार्‍याच्या दुकानात झाला. कातारी म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. तो खुर्च्यांचे पाय करायचा, पाळण्यांचे दांडे करायचा. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. गल्लीच्या टोकाला बायकांचा छोटा दवाखाना होता, तिथल्या नर्सताईंची जुनी नळी तडकली होती. त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, अशीच एक करून द्या. पहिल्यांदा तुमच्याच बाळाचं ऐकते."

मग काय विचारता! त्यानं पाळण्याच्या दांड्यातला उरलेला चांगला तुकडा निवडला. पटाशी लावून मला घडवलं, घासून घासून गुळगुळीत केलं. पुढच्याच आठवड्यात मी त्याच्या बायकोच्या पोटावर उभी होते. उशीखाली घड्याळ ठेवावं तसा बारीक, भराभर आवाज आला. तो आवाज आठवला की आजही माझं लाकूड शहारतं. नर्सताई हसून म्हणाल्या, "घोडदौड चाललीय हो!" दाराबाहेर कातारी नखं खात उभा होता, त्याचा जीव भांड्यात पडला. तेच बाळ पुढे मोठं होऊन बापाच्या लेथवर बसलं.

त्यानंतर किती पोटांवर उभी राहिले, विचारू नका. गल्लीत माझा मोठा दरारा होता. कुणाला दिवस गेले की बाया विचारायच्या, "नळीनं ऐकलं का?" नळीनं ऐकलं म्हणजे बाळ आहे, एरवी नुसत्या गप्पा. मीही हुरळून जायचे, खोटं कशाला बोलू!

पण मित्रांनो, माझ्यात एक उणीव आहे. पाचव्या महिन्याच्या आधी मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बाळाचं काळीज त्याच्या कितीतरी आधीपासून धडधडत असतं, पण तो आवाज इतका नाजूक असतो की माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. नर्सताई प्रत्येकीला बजावायच्या, "पाळी चुकली की या, नळीचं नंतर बघू." बाया मान हलवायच्या आणि यायच्या मात्र पोट दिसायला लागल्यावर. नळीला ऐकू येत नाही तर लवकर जाऊन करायचं काय, असा सगळ्यांचा हिशेब.

वर्षं गेली. नर्सताईंच्या नर्समावशी झाल्या. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांच्याबरोबर पडद्यावर बाळ दाखवणारं यंत्र आलं. मला काचेच्या कपाटात ठेवलं. नर्समावशी अधूनमधून मला फडक्यानं पुसायच्या, बास. पलीकडे रोज कुणी ना कुणी आई झोपायची, यंत्रातून धडधड मोठ्यानं ऐकू यायची, आणि मी काचेआड कोरडीच. एकदा तरी कुणीतरी मला पोटावर टेकवावं म्हणून माझा जीव तुटायचा.

आणि एक दिवस कपाट उघडलं. समोर कातारीणकाकू! जिच्या पोटावर मी पहिल्यांदा उभी राहिले, तीच. आता त्या सासूबाई झाल्या होत्या. त्यांच्या सुनेला सहावा महिना चालू होता आणि ती पहिल्यांदाच दवाखान्यात आली होती. काकू ऐटीत म्हणाल्या, "यंत्र राहू दे बाजूला. आधी आमच्या घरच्या नळीनं बघा."

आमच्या घरची! मला कोण आनंद झाला. माझ्या कातार्‍याचं नातवंड मी ऐकणार होते. नर्समावशींनी मला पोटावर टेकवलं. त्यांनी खाली ऐकलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. मी होती नव्हती तेवढी पोकळी पणाला लावली. काही नाही. नर्समावशींनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. सून छताकडे बघत होती. हळूच तिनं विचारलं, "मावशी, घोडदौड म्हणता ना तुम्ही, ती कुठंय?"

मग यंत्र लावलं. यंत्रालाही काही मिळालं नाही. बाळ गेलं होतं.

नंतर रक्त तपासलं तेव्हा कळलं, सुनेची साखर फार वाढलेली होती. कुणाला पत्ताच नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखरेमुळंच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दुसर्‍या महिन्यात आला असतात तर तेव्हाच तपासलं असतं. काहीतरी करता आलं असतं."

"दवाखान्यात जाऊ का, असं तिनं विचारलं होतं हो मला," काकू म्हणाल्या. "मीच म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन महिने कुणाला सांगायचं नाही. आणि मग म्हटलं, नळीला ऐकू येईल एवढं होऊ दे, तोवर डॉक्टर तरी काय ऐकणार?"

"काकू, तेव्हा बाळाचं ऐकायला यायचं नसतं. आईला तपासायला यायचं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला पुन्हा कपाटात ठेवलं. मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही, पण त्या दिवशी आपण पाळण्याचा दांडाच राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं मला फार वाटलं.

त्यानंतर सून येत राहिली, पण साखर तपासायला. खाण्यापिण्याचं पथ्य, रोजचं चालणं, गोळ्या, सगळं तिनं निमूटपणे केलं. जाताना कपाटाकडे बघायची नाही. मी मात्र तिची चप्पल ओळखायला लागले होते. एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता साखर ताब्यात आहे. बाळाचा विचार करायला हरकत नाही. फक्त पाळी चुकली की लगेच फोन कर."

मग बरेच दिवस ती दिसली नाही. आणि एका सकाळी दाराबाहेर कुजबुज ऐकू आली.

"आई, थोडं थांबूया ना," सुनेचा आवाज. "आत गेले नाही तोवर माझ्यापुरतं बाळ आहे. आत गेल्यावर कुणी नाही म्हटलं तर?"

"अगं, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, कळतंय मला," काकू म्हणाल्या. "पण मागं मी थांब म्हटलं आणि तू थांबलीस. आता मी चल म्हणतेय. चल पोरी."

काकूंनी तिचं मनगट धरून तिला आत आणलं. डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारली आणि म्हणाल्या, "सातवा आठवडा चालू आहे."

"उशीर तर नाही ना झाला?" काकूंनी घाईघाईनं विचारलं.

"नाही हो काकू! आठव्या आठवड्याच्या आत यायचं असतं. साखर, रक्तदाब, थायरॉईड असं काही असेल तर कळल्या कळल्या यायचं. वेळेत आलात."

मग वजन झालं, रक्तदाब झाला, रक्त घेतलं. साखरेच्या गोळ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः बघून बदलून दिल्या, "मनानं कुठलीही गोळी बंद करायची नाही आणि चालूही करायची नाही" अशी तंबी दिली. शेवटी यंत्र लावलं. मला कपाटातून फक्त पाठी दिसत होत्या.

"हे बघ, लुकलुकतंय ते. तेच काळीज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सून हुंदका देऊन रडली. काकूंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मागे वळून कपाटाकडे पाहिलं. "बघा बाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या नळीला न विचारताच कळलं की!"

मला वाईट वाटलं का? वाटलं. जे मला जन्मभर कधी ऐकू आलं नाही, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पण त्या खोलीतल्या कुणापेक्षाही मी कमी आनंदात नव्हते.

निघताना सून पहिल्यांदाच कपाटाशी थांबली. "मावशी, नळीनं मला ऐकवाल?"

"ऐकवीन की. पाचवा-सहावा लागू दे."

तेव्हापासून ती सांगितलेल्या दिवशी न चुकता येते. तपासण्या होतात, साखर बघतात, मग ती घरी जाते. परवा तिचा झगा पोटावर थोडा घट्ट झालेला दिसला. दार वाजलं की मी कान टवकारते. आज का? अजून नाही. माझं लाकूड वाळलंय, चकतीला एक बारीक चीर गेली आहे, तेवढ्या दिवसांपुरतं मला टिकू दे एवढंच मागणं आहे. मला माझ्या कातार्‍याच्या नातवंडाचं काळीज ऐकायचं आहे. एकदाच.

मित्रांनो, तुमच्या घरात ताई असेल, वहिनी असेल, मावशी असेल. तिची पाळी चुकली आणि घरातलं कुणी "इतक्यात कशाला?" म्हणालं, तर तुम्ही माझी गोष्ट सांगा. पोट दिसू दे, बाळ हलू दे, नळीला ऐकू येऊ दे, असं म्हणत कुणी थांबायचं नाही. मी म्हातारी वाट बघतेय ती बघू दे. तुम्ही माझी वाट बघू नका.